सतराव्या रांगेतला फोन

"हा कुणाचा फोन आहे?" कॅप्टन राजाध्यक्ष ओरडले.

आम्ही नागपूरच्या धावपट्टीकडे उतरत होतो. ढग नुकतेच वर राहिले होते आणि खाली ओली काळी शेतं दिसू लागली होती. विमान कॅप्टनच्या हातात होतं, टॉवरशी बोलायचं काम माझ्याकडे. आणि माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये तो आवाज सुरू झाला होता. टिर्रिक, टिर्रिक, टिर्रर्र. रेडिओजवळ मोबाइल ठेवलेला असताना फोन यायच्या आधी जो येतो, तोच. त्याच्या आड टॉवरचा माणूस काहीतरी सांगत होता आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"पुन्हा सांगा," मी टॉवरला म्हणाले.

पुन्हा टिर्रर्र.

मी मान उंचावून समोर पाहिलं. धावपट्टीच्या पार टोकाला एका विमानाची शेपटी दिसत होती. आमच्या आधी उतरलेलं ते विमान अजून बाहेर पडलेलं नव्हतं.

"सर, धावपट्टी मोकळी नाहीये. वर घ्या."

"निघेल तो. वेळ आहे."

"सर, वर घ्या!"

तेवढ्यात आवाज थांबला आणि टॉवरचा माणूस कानात स्वच्छ ऐकू आला. तो जवळजवळ किंचाळतच होता. उतरू नका, वर जा, तिसऱ्यांदा सांगतोय. कॅप्टननी इंजिनांचा जोर वाढवला, विमानाचं नाक वर उचललं आणि आम्ही त्या शेपटीवरून गेलो. किती वरून, ते मी इथे सांगत नाही. त्या विमानावरचं नाव मला वाचता आलं, एवढं सांगते.

मी तेव्हा को-पायलट होते, शर्वरी निकम, नोकरीला तीन-चार वर्षं झालेली. राजाध्यक्ष म्हणजे कंपनीतलं मोठं नाव. अर्ध्या वैमानिकांना त्यांनी शिकवलं होतं, मलाही. थोड्याच दिवसांत ते प्रशिक्षण विभागाचे प्रमुख होणार हे सगळ्यांना माहीत होतं. विमानात फोन फ्लाइट मोडवर ठेवून वापरायची परवानगी त्या सुमारास नुकतीच मिळाली होती आणि राजाध्यक्षांना ती मुळीच पसंत नव्हती. "लोकांच्या हातात खेळणं दिलं की ते खेळणारच," असं ते म्हणत.

विमान वर स्थिर झाल्यावर त्यांनी इंटरकॉम उचलला. मागे केबिनची प्रमुख फिलोमिना तुस्कानो होती, वसईची. आम्ही सगळे तिला फिलो म्हणायचो.

"फिलो, मागे कुणाचा तरी फोन चालू आहे. शोधून काढ. मला माणूस पाहिजे."

मग त्यांनी प्रवाशांसाठी घोषणा केली. इंग्रजीत, हिंदीत आणि शेवटी मराठीत. आपल्यातल्या एका बेजबाबदार प्रवाशाच्या मोबाइलमुळे आज सर्वांचे प्राण धोक्यात आले, त्या व्यक्तीवर कडक कारवाई केली जाईल. भारदस्त आवाज होता त्यांचा. मलाही तो ऐकून त्या अज्ञात प्रवाशाचा राग आला.

थोड्या वेळाने इंटरकॉमवर फिलो आली. "सर, सतराव्या रांगेत एक मुलगी आहे. तिच्या हातात फोन होता. पण सर, तो..."

"काढून घे. पूर्ण बंद कर आणि तुझ्या ताब्यात ठेव. खाली उतरल्यावर तिला सिक्युरिटीकडे द्यायचं."

"सर, एक मिनिट ऐका ना..."

"फिलो, मला विमान उतरवायचंय." त्यांनी इंटरकॉम ठेवला.

आम्ही वळसा घालून पुन्हा धावपट्टीच्या रेषेत आलो. ढगांतून बाहेर पडलो, चाकं खाली आली. आणि माझ्या कानात परत सुरू झालं. टिर्रिक, टिर्रिक, टिर्रर्र.

मी चमकून कॅप्टनकडे बघितलं. त्यांचा हात छातीशी गेला होता. शर्टाच्या खिशात त्यांनी काहीतरी दाबलं. पांढऱ्या कापडाआड एक चौकोन उजळला आणि विझला. आवाज थांबला.

त्यांची नजर समोरच होती. मीही समोर बघितलं. उतरताना वैमानिकाने भांडायचं नसतं. मी उंची वाचत गेले, वेग वाचत गेले, टॉवरला उत्तरं देत गेले. विमान उतरलं, वळलं, आपल्या जागी जाऊन थांबलं. इंजिनं बंद झाली.

"सर, फोन तुमच्या खिशात आहे," मी म्हणाले.

"माझा बंद असतो."

"आत्ता चालू होता. मी बघितलं."

त्यांनी खिशातून फोन काढला, त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि तो मांडीवर पालथा ठेवला. नंतर अगदी शांतपणे बोलू लागले, वर्गात बोलत तसे. "शर्वरी, सकाळी घाईत राहून गेलं असेल. माणूस आहे मी. खाली आलो की मोबाइलला रेंज मिळते, मेसेज येतात. पण मागेही एक फोन होताच ना? दोन्ही कारणं असू शकतात."

"मागचा फोन फिलोने बंद केला होता. त्याच्यानंतर आवाज आला."

"ती मुलगी तासभर बसेल, माफीचं पत्र लिहील, घरी जाईल. तिचं काय बिघडणार आहे? माझं काय बिघडेल ते तुला माहीत आहे. आणि तुझी कमांडची परीक्षा या वर्षी कोण घेणार आहे, तेही तुला माहीत आहे."

कमांडची परीक्षा म्हणजे को-पायलटची कॅप्टन होण्याची परीक्षा. ती घेणार होते तेच.

मी उत्तर द्यायच्या आत मागून टाळ्यांचा आवाज आला. मी कॉकपिटचं दार उघडलं.

पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत माणसं उभी होती. मधल्या वाटेने आमच्या कंपनीचे सुरक्षा अधिकारी चांदेकर एका मुलीला दंडाला धरून पुढे आणत होते. पंचविशीची असेल. साधा पंजाबी ड्रेस, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, छातीशी एक प्लॅस्टिकची फाइल. आणि लोक टाळ्या वाजवत होते. तिच्यासाठी नव्हे, तिला धरून नेत होते म्हणून.

"असल्यांना विमानात घेतात कशाला?" चेक्सच्या शर्टातला एक जाडगेला गृहस्थ म्हणाला.

"एस.टी. समजून बसली असेल," दुसरा कोणीतरी म्हणाला. लोक हसले.

ती मुलगी रडत नव्हती. तिचा चेहरा रागाने तापला होता. दाराशी आल्यावर तिने माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या पाहिल्या आणि तिथेच थांबली.

"मॅडम, तुम्ही तरी बघा जी माझा फोन. त्याच्यावर विमानाचं चित्र आहे, मी सगळ्यांना दाखवून राहिली. कोणी बघूनच नाही राहिलं!"

"चला, खाली बोलू," चांदेकर म्हणाले आणि तिला जिन्यावरून घेऊन गेले.

फिलो बाजूला उभी होती. तिच्या हातात तो फोन होता, काच तडकलेला. "फ्लाइट मोडवरच होता, शर्वरी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी स्वतः पाहिलं. गॅलरीत आपल्या कागदांचे फोटो बघत होती. सरांना सांगायला गेले तर त्यांनी इंटरकॉम ठेवला. आणि दुसऱ्या रांगेतला तो सफारीवाला सरळ फोनवर बोलत होता, त्याला मी दोनदा सांगितलं. त्याचं नाव घेतलं तर सर म्हणाले असते, नको, तो ओळखीचा आहे."

"ती कुठे निघाली होती?"

"वनरक्षक म्हणून निवड झालीय तिची. दुपारी नागपुरात कागदपत्रांची पडताळणी आहे. गडचिरोलीकडची आहे, मुंबईत कुठल्याशा मॉलमध्ये सिक्युरिटीला होती. रेल्वेचं तिकीट मिळालं नाही म्हणून विमानाने आली. सगळ्या वाटेत तेच सांगत होती बिचारी, शेजारची बाई ऐकत नव्हती तरी." फिलोने ओठ चावला. "पोलिसांत तक्रार गेली तर सरकारी नोकरी मिळेल का गं तिला?"

मिळणार नव्हती. सरकारी नोकरीत घेण्याआधी पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी होते, हे मला ठाऊक होतं. विमानातल्या लोकांचे प्राण धोक्यात घातल्याचा गुन्हा ज्या मुलीच्या नावावर आहे तिला जंगल राखायला कोण ठेवील? आणि 'तिचं काय बिघडणार आहे' असं आमचे कॅप्टन म्हणत होते. त्या वाक्याने माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं माझ्या परीक्षेच्या धमकीने फिरलं नव्हतं.

मी परत कॉकपिटमध्ये गेले. राजाध्यक्ष तक्रारीचा अर्ज भरत होते. आमचं विमान थोड्या वेळात मुंबईला परतणार होतं. कॉकपिटमधला प्रत्येक आवाज एका यंत्रात नोंदला जातो, आमचं बोलणं, रेडिओ, अलार्म, सगळं. पण त्या यंत्रात शेवटच्या काही वेळाचंच राहतं. नवं नोंदलं जातं तसं जुनं पुसलं जातं. विमान परत उडालं असतं तर मुंबईला पोचेपर्यंत त्या सकाळचं काही उरलं नसतं.

त्या यंत्राची वीज तोडणारं छोटं बटण माझ्या सीटमागच्या पॅनलवर होतं. मी ते ओढून बाहेर काढलं.

"काय केलंस?" राजाध्यक्ष उठून उभे राहिले.

"रेकॉर्डर बंद केला. आता हे विमान चौकशी होईपर्यंत उडणार नाही. मी इंजिनिअरला तसं लिहून देतेय."

"तुला अधिकार कोणी दिला?"

"नियमात आहे, सर. गंभीर घटना घडली की नोंद जपून ठेवायची. तुम्हीच शिकवलंत."

"दीडशे माणसं बाहेर थांबली आहेत मुंबईला जायला. त्यांना काय सांगशील?"

"खरं ते सांगेन."

राजाध्यक्ष टोपी उचलून जिना उतरले आणि चांदेकरांच्या खोलीकडे चालू लागले. मी त्यांच्या मागोमाग गेले. फिलोही आली, तिला मी बोलावलं नव्हतं.

खोलीत ती मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. बसायला सांगितलं तरी बसली नव्हती. टेबलावर तिचं ओळखपत्र पडलं होतं, रोशनी मडावी. चांदेकर पोलीस ठाण्याला फोन लावायच्या बेतात होते.

"हे घ्या," राजाध्यक्षांनी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

"चांदेकर साहेब, तो घेऊ नका," मी म्हणाले. "आवाज कॅप्टनच्या फोनमुळे आला. त्यांच्या खिशातल्या. या मुलीचा फोन बंद होऊन फिलोच्या हातात होता तेव्हाही तो आवाज आला."

चांदेकर दोघांकडे आळीपाळीने बघायला लागले. वयस्कर माणूस होता. "मॅडम, कॅप्टन साहेब लेखी देऊन राहिलेत. तुमचं तोंडी आहे."

"माझं तोंडी नाही. रेकॉर्डर बंद करून ठेवलाय. त्यावर दोन्ही वेळचा आवाज आहे, आणि विमान थांबल्यावर कॅप्टन माझ्याशी काय बोलले तेही आहे. सगळं."

मग फिलो पुढे झाली. "माझंही लिहून घ्या. मुलीचा फोन फ्लाइट मोडवर होता. मी पाहिला होता." तिने तो तडकलेला फोन टेबलावर ठेवला.

राजाध्यक्षांनी अर्ज उचलला, त्याची घडी घातली, खिशात ठेवली. "गैरसमज झाला," ते चांदेकरांना म्हणाले. "सोडा तिला. काही कारवाई नको." त्या मुलीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दार उघडून चालते झाले.

"चला, झालं," चांदेकर सुटकेच्या स्वरात म्हणाले. "बाई, तुमची बॅग मी इथेच मागवतो. या मागच्या दाराने बाहेर पडा, रिक्षा मिळेल."

रोशनी हलली नाही.

"मागच्या दाराने काऊन?"

"लवकर पोचाल म्हणून."

"मला नेलं ते सगळ्यांच्या समोरून. टाळ्या वाजवल्या लोकांनी. आता सोडून राहिले तर मागच्या दाराने?"

"रोशनीताई, तुमची पडताळणी आहे," मी म्हणाले. "उशीर होईल."

"होऊ द्या." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "त्या विमानात माझ्या गावाकडचा एक माणूस होता, मॅडम. मी ओळखलं त्याला. तो संध्याकाळी गावात जाऊन काय सांगेल? मडाव्याच्या पोरीला विमानातून धरून नेलं, हेच ना? माझ्या बापाला कोण सांगेल जी, की गैरसमज झाला?"

चांदेकर म्हणाले, "आता ते प्रवासी कुठे शोधता? गेले असतील घरी."

"नाही गेले," फिलो म्हणाली. "तिची बॅग ओळखून बाजूला काढायची म्हणून सगळं सामान अडवून ठेवलंय. पट्ट्यापाशीच आहेत सगळे."

मी रोशनीकडे पाहिलं. तिने फाइल छातीशी धरली आणि दाराकडे चालू लागली.

सामानाच्या पट्ट्यापाशी गर्दी चिडलेली होती. पट्टा रिकामा फिरत होता. रोशनीला येताना पाहून कुजबुज उठली. "हीच ती. हिच्यामुळेच थांबलोय अजून," कोणीतरी म्हणालं.

मी सामानाच्या एका ढकलगाडीवर चढले. तसं करायचं नसतं, गणवेशात तर नाहीच. आयुष्यात मी कधी सभेत बोललेले नव्हते, पण त्या दिवशी आवाज आपोआप निघाला.

"माझं नाव शर्वरी निकम. तुमच्या विमानाची मी को-पायलट आहे. मघाशी तुम्हाला सांगण्यात आलं की एका प्रवाशाच्या फोनमुळे धोका झाला. ते खोटं आहे. तो फोन कॉकपिटमध्ये होता. आमच्याकडे. या ताईंचा फोन नियमाप्रमाणे होता, त्यांची काहीही चूक नव्हती. त्यांना सगळ्यांसमोर धरून नेलं, त्याबद्दल मी कंपनीच्या वतीने सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते."

आणि मी खाली उतरून तिच्यापुढे हात जोडले.

एकामागोमाग एक मोबाइल वर झाले आणि आमच्यावर रोखले गेले. मला एकदम शिसारी आली. टाळ्या वाजवणारे तेच हात होते. आता त्यांना हेही हवं होतं, संध्याकाळी घरी दाखवायला.

रोशनी त्या मोबाइलांमधून वाट काढत सरळ त्या चेक्सच्या शर्टवाल्यापाशी गेली.

"तुम्ही बोलले होते ना, असल्यांना विमानात घेतात कशाला?"

तो गोरामोरा झाला. "अहो, आम्हाला काय माहीत? कॅप्टनच म्हणाले..."

"माहीत नव्हतं तर बोलले काऊन?"

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, चांगली वेळ. आजूबाजूचे मोबाइल हळूहळू खाली आले. शेवटी तो "सॉरी" असं काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात पट्ट्यावर पहिली बॅग आली आणि लोकांना तिकडे वळायला निमित्त मिळालं. डोक्यावर टक्कल असलेला एक म्हातारा मात्र पट्ट्याकडे न जाता रोशनीकडे आला. "मी चामोर्शीचा आहे, पोरी," तो म्हणाला. "तुझ्या बाबाला मी सांगतो. आज संध्याकाळीच जाऊन सांगतो." तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

फिलोने तिला टॅक्सीत बसवलं, आपला नंबर दिला. रात्री फिलोला तिचा मेसेज आला. कार्यालयाचं दार लावता लावता ती पोचली होती. कागद तपासून झाले. पुढे नोकरीही मिळाली. आता बढती मिळून ती आलापल्लीकडच्या जंगलात वनपाल आहे, असं फिलो सांगते. माझं तिच्याशी परत बोलणं झालेलं नाही.

आमची चौकशी पुढे बराच काळ चालली. रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. राजाध्यक्षांचा फोन 'अनवधानाने' चालू राहिला असं ठरलं. काही आठवडे त्यांना विमान उडवू दिलं नाही, मग ते दुसऱ्या एका कंपनीत गेले आणि तिथे प्रशिक्षण प्रमुख झाले. खोट्या तक्रारीबद्दल त्यांना कोणी एक शब्द विचारला नाही, कारण ती तक्रार दाखलच झाली नव्हती. मला मात्र विचारायला बरंच होतं. कोणाच्या परवानगीने प्रवाशांशी बोललात? कंपनीच्या वतीने माफी मागायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? तो व्हिडिओ गावभर फिरला, कंपनीची किती बदनामी झाली, कल्पना आहे? माझी कमांडची परीक्षा बेमुदत पुढे गेली. कॅप्टन व्हायला मला आणखी काही वर्षं लागली, आणि तीही दुसऱ्या कंपनीत.

चौकशीच्या शेवटच्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. मला वाचवायची त्यांची इच्छा असावी.

"निकम, रेकॉर्डर जपलात, उत्तम केलंत. पण ते सामानाच्या पट्ट्यापाशी बोलणं... तरुण आहात, भावनेच्या भरात झालं, आता वाईट वाटतंय, एवढं लिहून दिलंत तर मी हे प्रकरण इथेच मिटवतो. वाटतंय ना वाईट?"

"वाटतंय, सर," मी म्हणाले.

त्यांनी समाधानाने कागद माझ्यापुढे सरकवला.

"ती माफी कॅप्टननी मागायला हवी होती," मी म्हणाले. "मी त्यांना हाताला धरून तिथे आणलं नाही, याचं वाईट वाटतंय. एवढं लिहून देते."